जठराच्या अस्तरातील संप्रेरक-पेशी आणि म्हातारपण : दोष वयाचा की आणखी कशाचा?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

जठराच्या बायॉप्सी वाचण्यात माझी तीसेक वर्षे गेली. साठी ओलांडलेल्या रुग्णाचे अस्तर पातळ दिसले, आम्ल तयार करणाऱ्या पेशी विरळ झालेल्या दिसल्या, की ‘वयोमानानुसार बदल’ असे लिहून मोकळे होण्याची आमच्या पिढीला सवय होती. मीही तसे पुष्कळदा लिहिले आहे. ते कितपत बरोबर होते, हा प्रश्न निवृत्तीनंतर जुनी टिपणे चाळताना पडला, म्हणून हा धागा काढते आहे. विषय मुद्दाम आखूड ठेवते : जठराच्या अस्तरात बसून संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी, आणि वय वाढते तसे त्यांचे काय होते.

या पेशी संख्येने फारच थोड्या असतात. अस्तरातल्या शंभर पेशींमागे एखाद-दुसरीच या कामाची, आणि नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजनात ती सहज नजरेतून सुटते. रुडॉल्फ हायडनहाइन यांनी १८७० मध्ये जठराच्या ग्रंथींत अशा वेगळ्या पेशींची नोंद केली होती, पण त्या काय करतात हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. आम्ही शिकत होतो तेव्हा त्या दिसाव्यात म्हणून काचपट्टीवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करावी लागे. प्रक्रिया साधली तर पेशीच्या तळाशी काळे बारीक कण उमटत, आणि बिघडली तर सगळी पट्टीच काजळून जाई. आता क्रोमोग्रॅनिन नावाच्या प्रथिनावर चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने त्या तपकिरी रंगात स्वच्छ उठून दिसतात.

त्यांचे मुख्य प्रकार चार धरावेत. जठराचा आतड्याकडचा शेवटचा भाग म्हणजे अँट्रम. तिथे गॅस्ट्रिन स्रवणाऱ्या जी पेशी असतात. सोमॅटोस्टॅटिन स्रवणाऱ्या डी पेशी अँट्रममध्येही असतात आणि वरच्या, आम्ल बनवणाऱ्या मोठ्या भागातही. त्या वरच्या भागातच हिस्टामिन सोडणाऱ्या ईसीएल पेशी आणि भुकेशी संबंधित घ्रेलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. सेरोटोनिनवाल्या पेशीही आहेत, परंतु आपल्या प्रश्नात त्यांचे काम थोडे आहे.

या पेशींचा आपसातला व्यवहार समजला की वयाचा प्रश्न निम्मा सुटतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो, टाकी भरली की तो वर येतो आणि मोटार बंद पडते, तशी ही रचना आहे. जेवण जठरात आले, प्रथिनांचे तुकडे जी पेशींना लागले, की गॅस्ट्रिन रक्तात उतरते. ते रक्तावाटे फिरून वरच्या भागातल्या ईसीएल पेशींना जागे करते, त्या हिस्टामिन सोडतात, आणि शेजारच्या आम्लपेशी त्या हिस्टामिनच्या सांगण्यावरून आम्ल ओततात. आम्ल पुरेसे झाले की अँट्रममधल्या डी पेशींना ते जाणवते. त्या सोमॅटोस्टॅटिन सोडून जी पेशींना गप्प बसवतात. म्हणजे डी पेशी हा फ्लोट. काही डी पेशींना लांब शेपट्या असतात आणि त्या थेट शेजारच्या जी पेशींपर्यंत पोचलेल्या असतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

आता समजा काही कारणाने आम्लपेशीच नष्ट झाल्या. टाकी कधी भरतच नाही, फ्लोट वर येत नाही आणि मोटार चालूच राहते. गॅस्ट्रिन वाढत जाते. गॅस्ट्रिन हे ईसीएल पेशींना नुसते कामाला लावत नाही, त्यांची वाढही करते, त्यामुळे त्या पेशी संख्येने वाढतात. अशा माणसाची बायॉप्सी पाहून ‘वृद्धापकाळात जी पेशी आणि ईसीएल पेशी वाढतात’ असा निष्कर्ष काढला, तर मोटार जुनी झाली म्हणून ती जास्त चालते असे म्हणण्यासारखे होईल.

वृद्धांमध्ये रक्तातील गॅस्ट्रिन सरासरीने जास्त आढळते, ही नोंद जुनी आहे आणि खरीही आहे. माझा दावा एवढाच, की या वाढीचा बहुतांश भाग वयाचा नसून वयाबरोबर साचत गेलेल्या आजारांचा आणि औषधांचा आहे. सहमत नसणाऱ्यांनी जरूर लिहावे.

निवृत्त_कारकून

बाई, लेख समजला, फ्लोटचे उदाहरण तर विशेष. माझा प्रश्न मात्र वरच्या भागातल्या चौथ्या पेशीबद्दल आहे. माझे वय ७६. पूर्वी दोन भाकऱ्या आणि वर भात असे माझे जेवण होते, आता अर्ध्या भाकरीत पोट भरते आणि संध्याकाळी तर भूक म्हणून लागत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. आपण म्हणता तसे, हे ‘वय झाले’ म्हणजे नेमके काय झाले? घ्रेलिनच्या पेशी संपल्या काय?

ठाणेकर_लेक

माझाही प्रश्न जोडते. आई ७४ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात थकवा, पायांना मुंग्या. बी-१२ अगदी कमी निघाले आणि हिमोग्लोबिन ९.४. आम्ही पूर्ण शाकाहारी असल्यामुळे सगळ्यांनी तेच कारण धरले. अॅसिडिटी म्हणून सहा वर्षांपासून ती सकाळी रिकाम्या पोटी पँटोप्राझोल ही आम्ल दाबणारी गोळी घेते. एंडोस्कोपी झाली आणि अहवालात ‘सौम्य गॅस्ट्रायटिस, वयोमानानुसार अस्तर पातळ’ असे लिहिले आहे. आपल्या धाग्याचे शीर्षक वाचून मी तो कागद पुन्हा काढला. यात आणखी काही पाहायला हवे का?

सूक्ष्मदर्शी

ठाणेकर_लेक, दुरून निदान करणे योग्य नाही, आणि मी ते करणार नाही. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारण्याजोगे तीन प्रश्न सांगते. पहिला, बायॉप्सीचे तुकडे कुठून घेतले? केवळ अँट्रममधून, की वरच्या भागातूनही? दुसरा, आईंना थायरॉइडचा त्रास आहे का? तिसरा, बी-१२ बरोबर लोहही कमी आहे का? उत्तरे मिळाली की लिहा.

निवृत्त_कारकून यांच्या प्रश्नाला माझ्यापेक्षा या शाखेत काम करणाऱ्या कोणी उत्तर दिले तर बरे. घ्रेलिनचा शोध लागला तेव्हा माझी अर्धी नोकरी होऊन गेली होती. त्याआधी उंदराच्या जठरातल्या या पेशींना आम्ही ‘एक्स’ पेशी म्हणत असू, कारण त्यांच्या कणांत कोणते संप्रेरक आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

रसायनी

मी जैवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून सध्या जपानमध्ये आहे, त्यामुळे हा भाग मी लिहिते. घ्रेलिनचा शोध १९९९ मध्ये इथेच, ओसाकाच्या राष्ट्रीय हृदयविकार केंद्रात मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी लावला. वाढीचे संप्रेरक सोडायला लावणारा एक ग्राहक, म्हणजे पेशीवरचे एक कुलूपच, आधीच सापडला होता, पण त्या कुलपाची शरीरातली किल्ली कोणती हे माहीत नव्हते. मेंदूत शोधाशोध झाली आणि किल्ली सापडली जठरात. २८ अमिनो आम्लांचे हे लहानसे प्रथिन आहे, आणि त्याच्या तिसऱ्या जागेवर आठ कार्बनांचे एक मेदाम्ल चिकटवलेले असते. ते चिकटलेले नसेल तर हा ग्राहक त्याला दाद देत नाही. हे चिकटवण्याचे काम करणारे विकर २००८ मध्ये ओळखले गेले. ही रसायनशास्त्राची बारकाई इथे सांगण्याचे कारण असे, की रक्तात ‘एकूण घ्रेलिन’ मोजले काय आणि ‘मेदाम्ल लागलेले घ्रेलिन’ मोजले काय, उत्तर वेगवेगळे येऊ शकते. वृद्धांवरचे जुने अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत त्याचे एक मोठे कारण हेच आहे. काहींत घ्रेलिन कमी सापडले, काहींत तरुणांइतकेच.

दुसरे कारण शरीराच्या वजनाचे. बारीक माणसाच्या रक्तात उपाशीपोटी घ्रेलिन जास्त असते आणि लठ्ठ माणसाच्या कमी. म्हणून ७६ वर्षांच्या कृश माणसाचे घ्रेलिन ४० वर्षांच्या सुदृढ माणसाइतकेच निघाले, तर ‘बदल नाही’ असे म्हणणे फसवे आहे, कारण एवढ्या कृश माणसात ते जास्त असायला हवे होते.

तिसरे, घ्रेलिन पेशींचे घर जठराच्या वरच्या भागात आहे. त्या भागाच्या ग्रंथी झिजल्या तर या पेशीही जातात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे जठराला दीर्घकाळ सूज असलेल्यांत घ्रेलिन कमी आढळते, हे अनेक देशांतून दिसले आहे. म्हणजे इथेही वयाचा आणि झिजेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

परंतु काका, आपली भूक केवळ घ्रेलिनवर अवलंबून नाही. म्हातारपणी जेवणाचा पुढचा घास नको असे सांगणारे आतड्यातले कोलेसिस्टोकायनिन जास्त प्रभावी राहते, जठराचा वरचा भाग जेवताना पुरेसा सैलावत नाही, मोठे जेवण पुढे सरकायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि वास-चव मंदावते ते वेगळेच. जॉन मॉर्ली यांनी १९८०च्या दशकात या सगळ्याला ‘म्हातारपणाची अन्नावरची वासना उडणे’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते वैद्यकात रूढ झाले. आपल्याकडे ‘अग्नी मंद झाला’ म्हणतात, त्यात कारण कुठे आहे हे सांगितलेले नसले तरी निरीक्षण चुकीचे नाही.

निवृत्त_कारकून

फार आभार. मग घ्रेलिन गोळीतून देत नाहीत काय? लागलीच प्रश्न सुटेल.

रसायनी

तसे प्रयत्न झाले आहेत. घ्रेलिनच्या ग्राहकावर काम करणारे एक औषध ६० ते ८१ वर्षांच्या ६५ निरोगी स्त्री-पुरुषांना देऊन पाहिले होते, आणि तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगातला मेदविरहित भाग वाढला, पण ताकद वाढली नाही, आणि रक्तातील साखर मात्र थोडी वर गेली. जपानमध्ये २०२१ मध्ये याच जातीचे अॅनामोरेलिन हे औषध कर्करोगामुळे खंगणाऱ्या रुग्णांसाठी मंजूर झाले. निव्वळ वयामुळे भूक मंदावलेल्या माणसासाठी ते नाही. आणि वर्षभरात आपले वजन पाच टक्क्यांहून जास्त, न ठरवता उतरले असेल, तर संप्रेरकांची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. दातांची कवळी, चालू औषधे, मनाची उदासी, मधुमेह आणि अर्बुद या सर्वांची चौकशी घ्रेलिनच्या आधी येते.

शंकासूर

धाग्याचा सूर मला एकांगी वाटतो. प्रत्येक गोष्ट आजाराच्या माथी मारली तर वयाच्या वाट्याला उरते काय? केस पांढरे होतात, डोळ्याचे भिंग कडक होते, मग जठरानेच चिरतरुण राहावे असा काय नियम आहे? शिवाय म्हातारपणी आम्ल कमी होते हे तर माझ्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात छापलेले होते.

सूक्ष्मदर्शी

हरकत रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

आपल्या पाठ्यपुस्तकातले वाक्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मोजमापांवर उभे आहे. त्या काळी नळी घालून आम्ल मोजले, वृद्धांत ते कमी भरले आणि वाक्य रूढ झाले. हेलिकोबॅक्टर तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. तो १९८२ मध्ये पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी वेगळा वाढवून दाखवला, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यानंतर संशोधकांनी तीच मोजमापे पुन्हा केली, पण या खेपेला जंतूसंसर्ग आणि अस्तराची झीज वेगळी काढून. अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत ६५ वर्षे आणि त्यापुढच्या सुमारे नव्वद टक्के लोकांच्या जठरात, काही न खाता-पिताही, आम्ल व्यवस्थित तयार होत होते. त्याच्या आदल्या वर्षी डॅलसच्या संशोधकांनी दाखवले, की जंतू आणि झीज हिशेबात घेतली की आम्लावर वयाचा स्वतंत्र परिणाम उरत नाही, प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिन या विकरावर मात्र उरतो. आम्ल घटण्याचा दोष वयाला देता येत नाही, पण पेप्सिन घटण्याचा देता येतो. प्रत्येक गोष्ट आजाराच्या माथी मी मारत नाही, ती अशी.

वयाच्या नावावर टाकता येतील अशा आणखीही गोष्टी आहेत. अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने वयाबरोबर कमी होतात आणि बायकार्बोनेटचा स्रावही उतरतो, म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्यांनी सत्तरीच्या माणसाचे जठर तिशीच्या माणसापेक्षा लवकर सोलवटते. प्रयोगशाळेतील म्हाताऱ्या उंदरांत तर आम्ल आणि गॅस्ट्रिन दोन्ही घटलेले आढळते. पण इथे सावध राहावे लागते. म्हाताऱ्या उंदरात गॅस्ट्रिन घटते आणि म्हाताऱ्या माणसात सरासरीने वाढते. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराला हेलिकोबॅक्टर झालेला नसतो आणि तो सहा-सहा वर्षे पँटोप्राझोलही घेत नाही, हे विसरून उंदराचे निष्कर्ष माणसाला लावता येत नाहीत.

डी पेशींचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अँट्रममध्ये हेलिकोबॅक्टर बसला की डी पेशींचे काम दबते. फ्लोट अडकतो म्हणा. त्यामुळे जी पेशी मोकाट सुटतात. हा बदल म्हातारपणाचा असता तर तो कायमचा राहिला असता. प्रतिजैविकांनी जंतू काढून टाकल्यावर त्याच माणसात, त्याच वयात, डी पेशी आणि सोमॅटोस्टॅटिन पुन्हा वर येतात. दोन आठवड्यांच्या औषधाने कोणाचे वय कमी झालेले मी तरी पाहिलेले नाही.

आणि एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे पिढीची. हा जंतू बहुधा लहानपणी लागतो. भारतात अर्ध्याहून अधिक प्रौढांत तो आढळतो. ज्या देशांत पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था गेल्या शतकात सुधारली, तिथे १९३५ साली जन्मलेल्या माणसाला तो लागण्याची शक्यता १९८५ साली जन्मलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. आता एकाच दिवशी या दोघांची बायॉप्सी घेतली आणि फरक मोजला, तर मोजला जातो जन्मवर्षाचा फरक, आणि कागदावर लिहिले जाते वय. एकाच माणसाला पन्नास वर्षे सलग पाहणे कोणाला परवडते?

गणकयंत्र

मी वैद्यकातला नाही, आकडेमोडीतला आहे. पेशी ‘मोजतात’ म्हणजे त्या संख्येला भागतात कशाने?

सूक्ष्मदर्शी

नेमका हाच प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारत असे. बहुतेक अभ्यासांत ‘अस्तराच्या दर मिलिमीटर लांबीमागे इतक्या पेशी’ किंवा ‘दर चौरस मिलिमीटरमागे इतक्या’ असे आकडे असतात. अस्तर झिजून निम्मे जाड झाले आणि संप्रेरक-पेशी तेवढ्याच राहिल्या, तर क्षेत्रफळामागे त्या दुप्पट दिसतात, प्रत्यक्षात एकही वाढलेली नसते. तुकडा तिरपा कापला गेला तर आणखी घोळ. एक पेशी दोन छेदांत येते आणि दोनदा मोजली जाते, तो प्रकार वेगळा. ‘वयाबरोबर पेशी वाढतात’ असे वाचले की मी आधी भागाकाराच्या रेषेखाली काय आहे ते पाहते.

निवृत्त_कारकून

बाई, पँटोप्राझोलचा उल्लेख दोनदा आला म्हणून विचारतो. मीही ती गोळी चार वर्षे घेत होतो. मागच्या दिवाळीत एकाएकी बंद केली आणि आठवड्यात छातीत अशी जळजळ उठली, की मला ती गोळी जन्मभर लागणार असे वाटून मी मुकाट्याने पुन्हा सुरू केली. याचा या पेशींशी काही संबंध आहे काय?

रसायनी

थेट संबंध आहे. गोळीने आम्ल दाबले की फ्लोट खालीच राहतो, गॅस्ट्रिन वाढते, आणि महिनोन्‌महिने वाढलेल्या गॅस्ट्रिनवर ईसीएल पेशी पोसल्या जातात. गोळी थांबवली की दाब निघतो, पण पोसलेल्या पेशी लगेच जात नाहीत. जठराच्या पृष्ठभागावरच्या श्लेष्म-पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, या पेशींना आठवडे ते महिने लागतात. त्या मधल्या काळात पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल येते. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे फार हुशारीने दाखवले. त्यांनी जळजळीचा त्रास मुळीच नसलेले १२० निरोगी लोक घेतले. निम्म्यांना आठ आठवडे या वर्गातले औषध दिले, निम्म्यांना बाराही आठवडे खोटी गोळी. औषध बंद केल्यानंतरच्या चार आठवड्यांत औषधवाल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ-आंबट पाणी सुरू झाले, तर खोट्या गोळीच्या गटात १५ टक्क्यांना. यांतल्या कोणालाच आधी आजार नव्हता.

म्हणून ही गोळी एकदम न तोडता, डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा उतरवत नेतात. काहींना मात्र ती खरोखरच लागते, उदाहरणार्थ हृदयासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणारे वृद्ध. त्यांनी आमचे लिखाण वाचून परस्पर काही करू नये.

शंकासूर

पँटोप्राझोलच्याच वर्गातल्या ओमेप्राझोलने उंदरांना जठरात गाठी झाल्या होत्या, असे ऐकले आहे. ते याच पेशींचे का?

सूक्ष्मदर्शी

होय, याच ईसीएल पेशींचे. १९८०च्या दशकात उंदरांना जवळजवळ आयुष्यभर मोठ्या मात्रेत औषध दिल्यावर त्या दिसल्या आणि मोठी खळबळ उडाली. पण उंदराच्या जठरात ईसीएल पेशींचे प्रमाण माणसापेक्षा बरेच जास्त असते आणि त्यांचे गॅस्ट्रिनही फार चढते. १९८८ पासून जगभर कोट्यवधी माणसे हे औषध घेत आली. त्यांच्यात गॅस्ट्रिन वाढते, ईसीएल पेशी थोड्याफार वाढतात, गाठीची प्रकरणे मात्र अगदी विरळा. माणसात ईसीएल पेशींच्या गाठी प्रामुख्याने होतात त्या वेगळ्याच कारणाने, आणि त्याबद्दल मी ठाणेकर_लेक यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.

ठाणेकर_लेक

उशीर झाला, क्षमस्व. बायॉप्सीचे दोन्ही तुकडे अँट्रममधलेच होते. लोहही कमी आहे. आणि आईला थायरॉइडची गोळी १५ वर्षांपासून चालू आहे. तिचा जठराशी संबंध असेल असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

सूक्ष्मदर्शी

शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते, आणि त्याच माणसात ती जठराच्या आम्लपेशींवरही उलटू शकते. ही जोडी इतकी जुनी ओळखीची आहे, की १९६०च्या दशकापासून थायरॉइड आणि जठर यांचे जोडनावच वैद्यकात आहे. या आजाराला ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस म्हणतात. तो फक्त वरच्या, आम्ल बनवणाऱ्या भागाला खातो आणि अँट्रम जवळजवळ अस्पर्शित ठेवतो. तुकडे केवळ अँट्रममधून घेतले तर अहवाल सौम्यच येणार.

आम्लपेशी गेल्या की तीन गोष्टी घडतात. आम्ल नसल्याने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. आम्लपेशीच बी-१२ साठी लागणारे ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिन बनवतात, ते बंद पडल्याने बी-१२ उतरते. आणि फ्लोट कायमचा खाली राहिल्याने गॅस्ट्रिन आकाशाला भिडते.

महाराष्ट्रात हे निदान हुकण्याचे एक खास कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, त्यांपैकी ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी होते, आणि शाकाहार हे त्यामागचे मोठे कारण होते. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीत जठरामुळे कमी झालेले बी-१२ लपून जाते. शाकाहाराने बी-१२ कमी होते हे खरेच आहे, परंतु शाकाहाराने गॅस्ट्रिन वाढत नाही.

तेव्हा डॉक्टरांशी या गोष्टी बोला. रक्तातील उपाशीपोटीचे गॅस्ट्रिन, पण पँटोप्राझोल त्यांच्या देखरेखीखाली आधी थांबवून, नाहीतर गोळीनेच ते वाढलेले दिसेल. क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी त्याच कारणाने गोळी चालू असताना फसवी ठरते. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धचे प्रतिपिंड. आणि पुन्हा एंडोस्कोपी झाली तर सुधारित सिडनी पद्धतीने पाच तुकडे : अँट्रममधून दोन, मधल्या वळणावरून एक, वरच्या भागातून दोन, आणि ते वेगवेगळ्या बाटल्यांत. सगळे एकाच बाटलीत टाकले तर कोणता तुकडा कुठला हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

गणकयंत्र

वरचा भाग इतका झिजला की तो अँट्रमसारखाच दिसत असेल, मग बाटली चुकली तर कसे ओळखता?

सूक्ष्मदर्शी

सुंदर प्रश्न. झिजलेल्या वरच्या भागात अँट्रमसारख्या दिसणाऱ्या ग्रंथी उगवतात आणि भलेभले फसतात. अशा वेळी याच संप्रेरक-पेशी साक्षीला येतात. गॅस्ट्रिनचे रंजन करावे. जी पेशी दिसल्या तर तुकडा खराखुरा अँट्रमचा. जी पेशी एकही नाही, पण क्रोमोग्रॅनिनने ईसीएल पेशींच्या रांगा उजळल्या, तर तो झिजलेला वरचा भाग, कितीही सोंग आणले तरी. ग्रंथीच्या तळाशी पाच किंवा अधिक पेशींची सलग साखळी दिसली की तिला रेषीय वाढ म्हणतात, पाच किंवा अधिक पेशींचा गोळका झाला की सूक्ष्मगाठ, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला की ते अर्बुद. ही मांडणी इटलीचे एन्रिको सोल्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये केली आणि आजही आम्ही तीच वापरतो.

ठाणेकर_लेक

दोन महिन्यांनी लिहिते आहे. धागा वर आणल्याबद्दल राग मानू नये.

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. गोळी आधी उतरवत नेली आणि मग दोन आठवडे पूर्ण बंद ठेवली. गंमत म्हणजे आईला काहीही जळजळ झाली नाही. गॅस्ट्रिन १,१४० पिकोग्रॅम आले, प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०० च्या आसपास आहे. एंडोस्कोपीत जठरातल्या रसाचा सामू (पीएच) ७ निघाला. म्हणजे जिच्या जठरात आम्लच नव्हते, ती सहा वर्षे आम्लाची गोळी घेत होती. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धचे प्रतिपिंड आहेत. वरच्या भागातल्या तुकड्यांत आम्लपेशी जवळजवळ नाहीत, गॅस्ट्रिनचे रंजन नकारात्मक, ईसीएल पेशींची रेषीय वाढ आणि एक-दोन सूक्ष्मगाठी. अर्बुद नाही, हेलिकोबॅक्टर नाही.

सूक्ष्मदर्शी

आम्ल चढे असते आणि गॅस्ट्रिनही हजारावर, तर स्वादुपिंड किंवा लहान आतड्यातली गॅस्ट्रिनची गाठ शोधावी लागली असती. सामू ७ असल्याने तो प्रश्न मिटला, इथे गॅस्ट्रिन वाढले ते आम्ल नसल्यामुळे. बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली असतीलच. पुढची एंडोस्कोपी किती दिवसांनी सांगितली?

ठाणेकर_लेक

तीन वर्षांनी, मधे काही वाटले तर आधी. इंजेक्शने चालू आहेत, लोह शिरेतून दिले, मुंग्या कमी झाल्या आहेत. अहवालाच्या शेवटच्या ओळीत या वेळी ‘वयोमानानुसार’ हा शब्द नाही. आईने तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि मला विचारले, “मग ते पाच तुकडे घेतले, त्यांत दुखायला कसे काही नाही?” त्याचे उत्तर मला आले नाही.

सूक्ष्मदर्शी

त्यांना सांगा, जठराच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, ताणल्याची कळते. चिमटा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढतो, आणि पृष्ठभागावरची जखम नव्या पेशी काही दिवसांत झाकून टाकतात. चौऱ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा.